उतरलेली बॅटरी आणि माझ्या बाजूचं दार

तेराव्याच्या पंक्तीत तुमच्या धाकट्या भावानं, जिलेबी वाढून घेता घेता, तुमच्या मरणाचं कारण सांगून टाकलं. "गाडी वेळेवर चालू झाली असती तर दादा आज असता," सुहास भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "वहिनींना गाडीचं दार नीट लावायची सवयच नाही. आत दिवा जळत राहतो, बॅटरी उतरते. दादा किती वेळा फोनवर सांगायचा." मठ्ठा फिरत राहिला. मी समोरच खुर्चीवर बसले होते, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर.

अहो, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मागे राहिलेल्या बायकोबद्दल मात्र काहीही बोललेलं चालतं. तेव्हा आज मी बोलणार आहे, आणि तुमच्याशीच बोलणार आहे. मध्ये बोलायचं नाही. जन्मभर मध्ये बोललात.

त्या सकाळचं आधी सांगते, कारण ती तुम्ही आणि मी सोडून कुणी धड पाहिली नाही आणि सांगतात मात्र सगळे. जानेवारीतला सोमवार होता. समोरची बिल्डिंग दिसत नव्हती असं धुकं. चहा घेताना तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, गॅस आहे. मी ओवा दिला. मग त्या थंडीत तुमच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मी फोन उचलला. "अँब्युलन्स कशाला? सोसायटीत तमाशा नको. चलो, गाडी काढतो," म्हणालात. म्हणजे हार्ट अटॅक आलेला माणूस स्वतः गाडी चालवत स्वतःला हॉस्पिटलात भरती करणार होता! मी म्हटलं, गेटवर ऑटो उभ्या असतात. तर म्हणे, "मग दारात गाडी कशाला ठेवली आहे?"

खाली गेलात, किल्ली फिरवलीत. गाडी एकदा कण्हली आणि मग नुसतं टक्‌ टक्‌ टक्‌. मी अजून बसलेही नव्हते. तुम्ही उतरलात, वळसा घालून माझ्या बाजूला आलात आणि दार ढकलून पाहिलंत. ते पहिल्या खटक्यावरच होतं, पूर्ण लागलं नव्हतं. आदल्या दिवशी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मीच उतरले होते आणि नेहमीसारखं कमरेनं दार ढकललं होतं. "बघ," म्हणालात. "बघ!" छातीत कळ येत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी मला जिंकल्याचा आनंद दिसला. खोटं नाही सांगत.

मग बॉनेट उघडलंत. चौकीदाराला खालच्या चड्ढासाहेबांकडे जम्पर केबल मागायला पाठवलंत. चड्ढासाहेब झोपेत, केबल सापडेना, तुम्ही बॉनेटला धरून उभे आणि मी ओरडतेय, अहो सोडा ती गाडी, सोडा! शेवटी मीच गेटवर धावले आणि ऑटो घेऊन आले. ऑटोत तुम्ही माझा हात घट्ट धरला होतात. म्हणालात, "तुला हजारदा सांगितलं होतं, दार नीट लाव म्हणून." त्यापुढे काही बोलला नाहीत. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोड़ा पहले ले आते. अडतीस वर्षांच्या संसारातलं तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य ते दाराचं.

तेराव्यानंतर सगळे गेले. रेवती दोन दिवस जास्त राहिली. भांडी पुसताना म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण खरं सांग. दार उघडं राहिलं होतं का?" काय सांगणार? दार नीट लागलं नव्हतं हे खरंच होतं. मी हो म्हटलं. ती "ठीक आहे" म्हणाली आणि पुसून झालेली कढई पुन्हा पुसत राहिली. गुडगावला परत गेल्यावर तिचे फोन रोज येत होते, पण जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, एवढेच. पूर्वी ही पोरगी तासभर माझं डोकं खायची.

भाऊजींचं मला काही नाही. ते नाशिकहून येणार, जेवणार, जाणार. पण पोटची मुलगी माझ्याकडे बापाचा जीव घेणारी बाई म्हणून बघणार असेल, तर ते मला सोसणार नव्हतं. त्यात काका-पुतणीनं मिळून गाडी भंगारात द्यायचं ठरवून टाकलं. सोमवारी गाडी ओढून न्यायला माणसं येणार होती. म्हणजे माझ्या हातात शनिवार आणि रविवार. गाडी एकदा गेली की तो गुन्हा कायमचा माझ्या नावावर राहिला असता.

आता तुमच्या त्या गाडीबद्दल. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की ती रस्त्यावर आणायची नाही, पकडली तर उचलून नेतात, हे मयूर विहारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरकारी नोकरीत उभा जन्म नियमावर बोट ठेवून काढलेले तुम्ही, पण गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर तुमचे नियम निराळे झाले. "रविवारी सकाळी मागच्या गल्लीतून भाजीला जायचं, त्याला काय रस्ता म्हणतात?" दर रविवारी आपण ते अर्धा किलोमीटर जायचो, तुम्ही रुबाबात, मी कोपऱ्यावर पोलीस तर नाही ना हे बघत. रेवतीनं कितीदा सांगितलं, बाबा, द्या टाकून, कॅब मागवा. तुमचं एकच पालुपद. रात्री-बेरात्री हॉस्पिटलला जायची वेळ आली तर दारात स्वतःची गाडी हवी. बघा, आली वेळ.

आणि बॅटरी उतरली की खापर माझ्यावर. नवी बॅटरी आणलीत, तीही उतरायला लागली, तरी माझंच दार. कुणाकडे जेवायला गेलो तरी विषय निघायचाच. "आमच्या मास्तरीणबाई मुलांना वीज शिकवायच्या, पण दार लावायला नाही शिकल्या." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण न हसणारी बायको म्हणजे कजाग. मी एकदा म्हटलं होतं, आठवतंय? म्हटलं, अहो, मीटर लावून बघू या, कशात वीज जाते ते दहा मिनिटांत कळेल. मी आठवीच्या मुलांकडून हेच करून घ्यायचे. तर तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "शाळेतली वीज वेगळी, गाडीतली वेगळी." मी तेव्हा चिडून उठून गेले. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. आता ऐका. वीज एकच असते. दोन असतात ते कान. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं सोडून द्यायचं, आणि तुमचे दोन्ही सोडून द्यायचेच होते.

तो पानिपतचा प्रकार तर माझ्या अजून डोक्यातून जात नाही. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की आपल्या घरी त्याला ताजमहालाआधी पानिपत. आपल्याकडचा नियमच तो. जाताना हायवेवर तुमची लढाई सुरू व्हायची आणि सोनीपत यायच्या आत पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी. मग तिथल्या बाजारात पांघरायचे खेस आणि चादरी घ्यायच्या, म्हणजे पराभव जरा हलका होतो. त्या वेळी भाऊजी आणि त्यांची मंडळी होती. परतताना अंधार पडायला लागला आणि गाडीचे पुढचे दिवे गेले. ट्रक अंगावरून चाललेले, बाजूला गाडी घेतलेली, तुम्ही फ्यूजचा डबा उघडून बसलेले. दिव्यांचा फ्यूज उडाला होता आणि जादा फ्यूज जवळ नव्हता. मी मागच्या सीटवरून म्हटलं, "वायपरचा काढून लावा की. पाऊस कुठाय?" तुम्ही दोन्ही फ्यूजवरचे आकडे बघितलेत, जुळत होते. लावलात. दिवे लागले.

पुढच्या रविवारपासून ती गोष्ट तुमची झाली. "मग मी विचार केला, पाऊस तर नाही, वायपरचं काय काम?" माझ्यादेखत सांगायचात, माझ्याकडे बघून, दुजोऱ्यासाठी. भाऊजी त्या गाडीत माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी कानांनी ऐकलं होतं, पण तेही मान डोलवायचे. शेवटी शेवटी मलाच शंका यायला लागली, की मी बोलले होते का नक्की. पण एक सांगते. त्या रात्री घरी पोचल्यावर, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला होतात, "आज तू वाचवलंस हं." ते एकदा, मला एकटीला, कुणी ऐकत नसताना. मला तेवढं पुरलं होतं तेव्हा. आता वाटतं, का पुरलं?

तर शनिवारी सकाळी मी खाली गेले. तुमची हत्यारांची पेटी, माझा शाळेतला जुना मल्टिमीटर आणि पाठीला शेकायला ऊन. चड्ढासाहेबांनी त्यांचा चार्जर आदल्या संध्याकाळीच दिला होता, वर म्हणाले होते, "छोड़ो ना भाभीजी, कबाड़ में ही तो जा रही है." म्हटलं, हां जी, पता है. शुक्रवारी रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावून ठेवली होती. सकाळी मीटर लावला तर आकडा ठीक होता. बॅटरी मेलेली नव्हती, म्हातारी होती. मग मी विचार केला, बंद उभ्या गाडीत वीज कशात जाते ते आधी बघू, कारण आरोप तोच आहे.

सोपं असतं हो ते. निगेटिव्हची तार सोडवायची आणि बॅटरी आणि तार यांच्या मधोमध मीटर जोडायचा, म्हणजे गाडीत जाणारा प्रत्येक थेंब मीटरमधून जातो. जोडला. दारं बंद, किल्ली काढलेली. आकडा अगदी चिमूटभर, घड्याळापुरता. इतक्यानं महिनाभरात काही झालं नसतं. ठीक. आता खरी परीक्षा. मी माझ्या बाजूचं दार उघडलं, पहिल्या खटक्यावर आणून ठेवलं, अगदी त्या दिवशी होतं तसं, आणि मीटरकडे आले.

आकडा जागचा हलला नव्हता.

मी दार सताड उघडलं. तरी तेवढाच. मागची दारं उघडली, तुमचं उघडलं. सोसायटीतल्या बायका वरून बघत असतील, ही भाजीवाल्यासारखी चारी दारं उघडून काय करतेय म्हणून. आकडा ढिम्म. छतातला दिवा लागायला हवा होता, वीज खायला हवी होती, तर मीटर म्हणतोय की दार उघडल्याचं गाडीला कळलंसुद्धा नाही. मी आत बसून वर बघितलं. दिवा लागलाच नव्हता. आपण रविवारी उन्हातच जायचो, त्यामुळे तो लागतो की नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मनात म्हटलं, बल्ब उडाला असेल. नखानं वरचं झाकण काढलं.

बल्बची जागा रिकामी होती. आणि बल्ब झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला होता, पांढऱ्या चिकटपट्टीनं, जखमेला लावतात तसल्या. अहो, घरात असं कोण करतं? घड्याळाचा सेल काढला की घड्याळामागे चिकटवणार, मिक्सरचा स्क्रू काढला की मिक्सरखाली चिकटवणार, हरवायला नको म्हणून. ती पट्टीची गुंडाळी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी घरात आली आणि त्यातच संपली. म्हणजे दोन वर्षं तरी झाली. दोन वर्षं माझ्या बाजूचं दार रात्रभर उघडं राहिलं असतं तरी त्या गाडीतला एक कण इकडचा तिकडे झाला नसता. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण बल्ब तुम्हीच काढला होतात.

मी तिथेच बसून राहिले. रडले नाही. राग इतका आला की रडू कुठून येणार! वड्याचं तेल वांग्यावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत, पण त्यांना निदान वडा कुठला ते माहीत नसतं. तुम्ही बल्ब काढलात, ठीक आहे, बायको दार उघडं टाकते म्हणून काढलात. त्यानंतरही बॅटरी उतरत राहिली. म्हणजे दार कारण नव्हे हे तुम्हाला कळलं. पृथ्वीवर फक्त तुम्हाला कळलं. मग पुढच्या रविवारी, चड्ढांच्या ॲनिव्हर्सरीला, भाऊजींच्या फोनवर, प्रत्येक वेळी मास्तरीणबाईंचं दार कशासाठी? आणि त्या सकाळी "बघ, बघ" कशासाठी? तुम्हाला त्या वेळीही माहीत होतं ना? की सांगता सांगता तुमचंच तुम्हाला खरं वाटायला लागलं होतं, त्या वायपरच्या फ्यूजसारखं?

शनिवारी दुपारभर मी तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की संध्याकाळी दिवा लावताना तुमच्या फोटोकडे बघायला नको वाटलं. लावला तरी. सवय.

पण मग बॅटरी उतरायची कशानं? हे शोधलं नसतं तर भाऊजींनी पहिला प्रश्न तोच विचारला असता. रविवारी पुन्हा खाली गेले. तार जागेवर लावली, किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. हो, माझ्या हातानं. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर धरला, तर आकडा छान वर. म्हणजे चार्ज करणारं यंत्रही धडधाकट. मग उरलं काय? मी बॉनेटला टेकून उभी राहिले आणि तुम्ही काय काय करायचात ते एकेक आठवत गेले.

रोज सकाळी चहाआधी तुम्ही खाली जायचात. गाडी चालू करायची, पुढचे दिवे लावून बघायचे, पंखा बघायचा, मागची काच गरम करायची, एक जुनं गाणं लावायचं. पाच मिनिटं. मग बंद, आणि वर येऊन चहा. "गाडी रोज चालू केली की बॅटरी जिवंत राहते." सोसायटीतल्या चार म्हाताऱ्यांना तुम्हीच हे शिकवलंत. मी ते करून पाहिलं. चालू, दिवे, पंखा, काच, गाणं, पाच मिनिटं, बंद. तासभर थांबायचं, मीटर लावायचा. पुन्हा चालू. तुमच्या आठवडाभराच्या सकाळी मी एका दिवसात केल्या. प्रत्येक वेळी आकडा जरासा खाली. चालू करताना बॅटरी जेवढं देते, तेवढं त्या पाच मिनिटांत तिला परत मिळतच नाही, त्यात वरून दिवे आणि पंखा. ती रोज थोडी थोडी रिकामी होत होती. आधीची बॅटरीही तशीच गेली असणार. थंडीत तर बोलायलाच नको. संध्याकाळपर्यंत गाडी कण्हायला लागली, अगदी त्या सोमवारसारखी.

मिळालं उत्तर. तुम्ही रोज नेमानं जे करत होतात, त्यानंच. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटायला हव्या होत्या.

पण त्याच वेळी मला नको ते आठवलं. ती पाच मिनिटं तुम्ही कधीपासून करायला लागलात ते. आपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होतो, मला सकाळची शाळा, हिवाळ्यात सहाला बाहेर पडायचं. गाडी नवी होती. मला थंडीनं खोकला व्हायचा. तुम्ही माझ्याआधी खाली जाऊन गाडी चालू करून ठेवायचात, म्हणजे मी येईपर्यंत आत ऊब आणि काचेवरचं धुकं गेलेलं. मी आले की दार आतून उघडायचात आणि कधी काही बोलायचा नाहीत, नुसतं गाणं लावायचात. शाळेच्या गेटवर बाकीच्या शिक्षिका बसमधून नाक पुसत उतरायच्या. मी निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आपण इथे आलो, आणि तुमची पाच मिनिटं तशीच चालू राहिली. तेव्हा पाच मिनिटांनंतर आपण पंधरा किलोमीटर जायचो, म्हणून बॅटरीला काही व्हायचं नाही. नंतर कुठे जायचं उरलंच नव्हतं.

हे आठवल्यावर मात्र मी रडले. बॉनेटवर डोकं ठेवून, चौकीदार बघतोय तरी. आणि रडता रडताही तुमचा रागच येत होता. एवढं माझ्यासाठी थंडीत उठणारा माणूस, मग एक वाक्य का सांगू शकला नाही? अगं, दाराचं काही नाही, मलाच कळत नाहीये काय बिघडलंय. इतकंच. माझ्याकडे येऊन म्हणाला असतात तर मी काय डोक्यावर बसले असते? मीटर घेऊन खाली आले असते. पण तुम्हाला न कळणारी गोष्ट मला कळणं तुम्हाला चाललं नसतं. त्यापेक्षा दार बरं होतं.

रविवारी संध्याकाळीच रेवतीला बोलावून घेतलं. खाली नेलं, गाडीच्या दारात बसवलं, झाकण तिच्या हातात दिलं. तिनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. बापाची पट्टी ती ओळखणार नाही तर कोण? "बाबांनी?" एवढंच म्हणाली. मग मी तिला मीटर लावून दाखवला, दार उघडून, दार बंद करून. सकाळच्या पाच मिनिटांचंही सांगितलं. उबेचंही सांगितलं, लपवलं नाही. ती माझ्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडली. "आई, मी तुला काय विचारलं गं! तेही तेरावं होतं न होतं तोच!" मी म्हटलं, विचारलंस ते बरं झालं. भाऊजींनी तर विचारलंसुद्धा नव्हतं.

तिनंच काकाला फोन लावला, स्पीकरवर. सगळं नीट सांगितलं, मास्तरीणबाईंच्या मुलीसारखं, क्रमानं. भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, "बरं, असेल. पण रेवती, बल्ब काढून ठेवायची पाळी दादावर आली कुणामुळे?"

पाहा! म्हणजे सुटका नाहीच. मला खरं तर हसू आलं. पण तुमची लेक हसली नाही. "काका," ती म्हणाली, "तेराव्याला जे बोललात ना, ते ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर परत घ्यायचं. तोपर्यंत आईला फोन करायचा नाही." आणि फोन ठेवला. चेहरा रागानं लाल झालेला, अगदी तुमच्यासारखा. मला तिच्याकडे बघवेना.

सोमवारी गाडी ओढून नेली. रेवती म्हणाली, आई, बाबांवर फार रागावू नकोस, ते घाबरले होते. मला काय ते कळत नाही? मुलगी तापानं फणफणली की तुम्ही "थर्मामीटर कुठे ठेवलास?" म्हणून माझ्यावर ओरडायचात. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिकिटं काढताना माझ्यावरच ओरडला होतात, आणि रात्रभर रेल्वेत माझं डोकं मांडीवर घेऊन बसलाही होतात. भीती वाटली की तुम्हाला माझा दोष लागायचा. आयुष्यभर मी तो पुरवला. ऑटोत तुम्हाला किती भीती वाटत असेल ते तुमच्या हाताच्या पकडीवरून मला कळत होतं. दोन दिवस माझ्या मनगटावर तुमच्या बोटांचे वळ होते.

पण तुम्ही गेलात आणि तो दोष माझ्याकडे राहिला ना. तो तुम्ही घेऊन जायला हवा होतात. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीनही कदाचित, मला घाई नाही, आता तुम्हीही कुठे जाणार नाही. आज एकच गोष्ट बोलायची आहे. दार त्या रविवारी माझ्याकडून नीट लागलं नसेल, पण तुम्ही माझ्यामुळे गेला नाहीत. हे तुम्ही म्हणायचं होतं, ऑटोत, माझा हात धरून. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मला म्हणावं लागतंय.